खर्जाची डबी

५ ऑगस्ट २००७, रविवार

सर्जेराव तबला बरा वाजवतो, याशिवाय त्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं आज मला काही आठवत नाही.

तालीम त्याच्याच घरी होती. चहा झाला, आणि कपबश्या आत जायच्या आधीच त्यानं तोंड उघडलं. "उमाकांतराव, यंदा बेस गिटार राहू द्या. तो कीबोर्डवाला मुलगा डाव्या हातानं खालचे सूर सांभाळेल. तुम्ही निवेदन करा. तुमच्याइतक्या कविता कुणाला पाठ आहेत?"

निवेदन. म्हणजे इस्त्रीचा झब्बा घालून माइकसमोर उभं राहायचं, 'यानंतर सादर होत आहे' म्हणायचं आणि बाजूला सरायचं. कार्यक्रम माझा. महाराष्ट्रापासून लांब राहिलेल्या इथल्या मराठी घरांना गणपतीच्या पाचव्या दिवशी शाळेतल्या कविता गाऊन दाखवायच्या, ही कल्पना माझी. निवड माझी, चाली माझ्या. आणि मी निवेदन करायचं.

"का?" मी विचारलं.

"काही नाही हो. जरा आराम," म्हणाला आणि तबल्यावर पावडर टाकत बसला. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. दगाबाज माणसं बघत नाहीत.

मागच्या तालमीत दोन-तीन सूर चुकले, कबूल. तारा जुन्या झाल्यात. हाताला काही झालेलं नाही. सकाळी डावा पंजा आखडतो, गरम पाण्यात धरला की सुटतो. या वयात कुणाचा आखडत नाही? गिटारच्या मानेच्या टोकाकडचे पडदे लांब लांब असतात, तिथं बोटं फाकवायला जरा वेळ लागतो, एवढंच.

येताना रिक्षात माझी बायको जयंती बरोबर होती. उतरल्यावर गिटारची पिशवी तिनं खांद्याला लावली. नको म्हटलं तरी लावली. हिचं एक काय चालतं कळत नाही.

७ ऑगस्ट

अवनीनं आज कामाची गोष्ट सांगितली. आमच्या मुलाची, नीरजची ही मुलगी इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवते आणि तिचं मराठी ऐकून माझे कान दुखतात.

"आजोबा, तुम्ही वरती वाजवा ना. मतलब बॉडीजवळ, जिथे पडदे पास-पास आहेत."

"तिथं आवाज वरचा येतो. बेसचा उपयोग काय मग?"

"त्याला एक पेडल असतं. छोटी डबी. तुम्ही जो सूर वाजवणार, त्याला ती एक ऑक्टेव्ह खाली घेऊन जाणार. मतलब आवाज खालचाच, पण हात ताणायला नको."

"माझा हात ताणायला काय झालंय?"

"कुछ नहीं. मी फक्त सांगते."

दुपारभर ती डबी डोक्यात होती. एक सप्तक खाली. मला एकदम भुसावळची आमची शाळा दिसली. पंढरीनाथ मास्तर टेबलावर डस्टर आपटून वृत्त शिकवायचे, लगागा लगागा लगागा लगागा, आणि खडूची धूळ उन्हाच्या पट्ट्यात नाचायची. शेवटच्या बाकावर वारंवार नापास झालेली थोराड पोरं असत, मिसरूड फुटलेली, आवाज फुटलेली. आम्ही चिमण्या वर चिवचिवायचो आणि ही घोगरी पोरं तीच ओळ बरोबर एक सप्तक खाली म्हणायची. त्यांना अर्थ कळत नसे, कवी कोण ते माहीत नसे. पण ती शेतीच्या कामाला गेली आणि बाक रिकामा राहिला की कविता वाऱ्यावर उडायची, बुडाला काही नसायचं. पुढे अजमेरला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या ऑर्केस्ट्रात मी व्हायोलिन मागितलं नाही, गिटार मागितली नाही, बेस मागितली, ती त्या शेवटच्या बाकामुळे. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा ही गिटार मी घरी आणली. आणि आता कीबोर्डवाला मुलगा डाव्या हाताच्या दोन बोटांनी तो बाक भरणार म्हणे.

डबी आणणार. सर्जेरावाला सांगणार नाही. वाजवूनच दाखवीन.

९ ऑगस्ट

एम.आय. रोडवर खंडेलवालचं वाद्यांचं दुकान. मी म्हटलं, बेस गिटारसाठी ऑक्टेव्हची डबी दाखवा. तो हसून म्हणाला, "पोते के लिए, अंकलजी?"

मी म्हटलं, "पोता नहीं है, पोती है, और उसके पास अपनी गिटार है। मेरे लिए।" त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त शिळं झालं.

तीन प्रकार दाखवले. एक चांगलं पाटाएवढं, वर ओळीनं बटणं. विमान चालवायचं असतं तर घेतलं असतं. दुसरी डबी तळहाताएवढी, जड, वर रबर लावलेली रुंद पट्टी. तिसरी सगळ्यांत लहान, सुपारीच्या डबीपेक्षा जरा मोठी. वर पोलादाचं एक टणक बटण, आणि दोन चकत्या: एक मूळ आवाजाची, एक खालच्या सप्तकाची. मूळ आवाज पूर्ण मिटवायचा, खालचा पूर्ण उघडायचा, की झालं काम.

मी लहान घेतली. आम्ही गादीवर मांडी घालून बसतो. समोर हार्मोनियम, बाजूला तबला, जागा ती केवढी. लहानच हवी.

घरी आणून वाजवली. सूर यायच्या ऐवजी कोंबड्याच्या घशात दाणा अडकावा तसा आवाज. मधेच एखादा सूर असा गोल, खोल आला की अंगावर काटा आला. पुढच्याला परत खरखर.

दुकानात फोन केला. "सबमें थोड़ा आता है, अंकलजी।" मी म्हटलं, थोडं म्हणजे किती ते ठरवायला मी येऊ का तिकडे? फोन ठेवला. त्यानं आधी ठेवला की मी, यावर वाद होऊ शकेल.

१० ऑगस्ट

बॅटरी संपली. एका रात्रीत. अवनी म्हणाली, वायर खोचलेली ठेवली की डबी बंद असली तरी बॅटरी जळत राहते. हे त्या खंडेलवालनं सांगायला नको? नवी बॅटरी घातली. खरखर तीच.

१२ ऑगस्ट, रविवार

आज जो अपमान झाला तो मी विसरणार नाही.

आमच्याकडे सेवा म्हणून गाणारे-वाजवणारे गणपतीकडे तोंड करून बसतात आणि ऐकणारे दोन्ही अंगांना. तालमीतही तीच बैठक, मूर्तीच्या जागी पाट मांडून. डबी मी समोर ठेवली. मोकळ्या तारा वाजवताना ती बंद हवी, त्या मुळातच खालच्या आणि त्यांना डावा हात लागत नाही. वरच्या पडद्यांवर गेलो की चालू हवी. म्हणजे प्रत्येक कडव्यात दोनदा दाबणं आलं. हात दोन्ही गिटारवर. मी मांडी मोडली, उजवा पाय पुढे केला आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

रत्नप्रभाबाईंनी हार्मोनियमचा भाता मिटला. त्या गातात उत्तम, पण एकदा भाता मिटला की ब्रह्मदेवाला उघडत नाही.

"उमाकांतराव, ते वाद्य आहे का?"

"वाद्याचा भाग आहे."

"मग त्याला पाय लावताय?"

मी म्हटलं, "बाई, संगीत नाटकात ऑर्गन पायानंच चालायचा. तुमच्याच गुरूंकडे पायपेटी होती, तुम्हीच सांगता."

"होती. तिथं खुर्ची होती, आणि बसायच्या आधी गुरुजी तिला नमस्कार करत. तुमचा तळवा कुठं जातोय बघा."

सगळ्यांनी बघितलं. तळवा पाटाकडे होता.

"तिथं अजून गणपती नाही," मी म्हटलं.

"पाचव्या दिवशी असेल ना?"

सर्जेराव खाली बघून हातोडीनं तबल्याचे गठ्ठे ठोकत होता. गठ्ठे जागेवरच होते. हसू दाबायचा त्याचा तो प्रकार आहे. एवढ्यात चुकून माझी वरची तार वाजली आणि डबी खाकरली. मग तोही हसला आणि बाईही हसल्या.

मी गिटार पिशवीत घातली आणि निघालो. जयंती मागे थांबून त्यांच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते विचारलं नाही.

१६ ऑगस्ट

सकाळी वाजवली, संध्याकाळी वाजवली. डबी फेकून द्यावीशी वाटते. लायटी गेल्यामुळे अँप्लिफायर बंद पडला, तर डबीऐवजी वीज मंडळावर रागावून घेतलं.

जयंती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, एक तार वाजवताना दुसरी पण वाजत असते का?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. नुसतं ऐकू येतं."

नुसतं ऐकू येतं. स्वयंपाकघरात बसून.

२० ऑगस्ट

डबी सुधारली.

आज रागानं लिहीत नाहीये. पेन्शनच्या कामानं बँकेत गेलो होतो. येऊन सहज गिटार घेतली, वरच्या पडद्यांवर गेलो, आणि सूर आला. गोल, बुटका, जमिनीत रुतणारा. पुढचाही आला. खरखर नाही. भुजंगप्रयात सलग वाजवला, प्रत्येक गुरूवर एक ठोका, सगळे ठोके आपापल्या जागी. शेवटचा बाक भरला.

माझं म्हणणं होतंच. नवीन यंत्र असतं, आतले भाग बसायला वेळ लागतो. आणि तो खंडेलवाल म्हणे, 'सबमें थोड़ा आता है'. त्याला जाऊन सांगायला हवं की बाबा, तुला तुझा माल माहीत नाही.

अवनी दारात उभी राहून ऐकत होती. टाळ्या वाजवल्या तिनं. हातात स्क्रू-ड्रायव्हर कशाला होता तिच्या, कोण जाणे. कॉलेजचं काही असेल. जयंती आज भांडी काथ्यानं घासत होती. म्हणाली, स्पंज फाटला. आणतो म्हटलं.

२६ ऑगस्ट, रविवार

तालमीला गेलो. मी गेलो नसतो, पण डबी सुधारली हे त्यांना ऐकू जायला नको?

पायाचा प्रश्न मी सोडवला होता. डबी गादीवर मांडीजवळ ठेवायची आणि गुडघ्यानं दाबायची. रत्नप्रभाबाईंनी विचार केला. "गुडघा हा पायच," म्हणाल्या.

"नमस्कार घालताना गुडघे टेकतो ते काय पाय लावतो देवाला?"

"तुम्ही ना, वकील व्हायला हवे होतात. रेल्वेत कसे गेलात?" पण भाता उघडला त्यांनी.

सूर स्वच्छ आले. सर्जेरावानं मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण त्याला दिसेल असं नाही. गुडघा मात्र दगा देतो. बटण लहान, गुडघा केवढा. चार वेळा दाबावं तेव्हा एकदा बसतं. दुसऱ्या कवितेत डबी बंद व्हायची ती झालीच नाही आणि मोकळी तार पंख्यासारखी घरघरली.

तबला झाकताना सर्जेराव म्हणाला, "मोठ्या बटणाची मिळते का बघा. आणि तारा बदला, उमाकांतराव. सूर डब्ब येतात."

डब्ब. माझ्या तारा.

२ सप्टेंबर, रविवार

आज तालीम नव्हती. नव्या तारा आणल्या होत्या. माझ्या गिटारच्या घोडीवर निकेलचं झाकण आहे, जुन्या पद्धतीचं. ते उघडल्याशिवाय तारा निघत नाहीत. उघडलं.

तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा. नीट कापून, चारी तारांना टेकेल असा बसवलेला.

"अवनी," मी हाक मारली. माझा आवाज ऐकून जयंतीही आली.

"आजीनं सांगितलं, मी फिट केलं," अवनी म्हणाली. "आजोबा, तुम्ही बोट उचलता तरी मागची तार वाजत राहते. दोन सूर एक साथ गेले की पेडल कन्फ्यूज होतं. स्पंज असला की तार जल्दी चुप होते. पुराने लोक पण लावायचे. मी नेटवर वाचलं."

"तार गप करणं हे बोटांचं काम असतं," मी म्हटलं.

तो तुकडा मी दोघींपुढे धरला.

"माझ्या गिटारमध्ये स्पंज घातलात, आणि मी वेड्यासारखा दोघींना सांगत फिरतोय की डबी सुधारली."

जयंती म्हणाली, "बरं वाटलं ना पण?"

"माझ्या पाठीमागे?"

"पुढ्यात सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

जेवलो नाही. त्या दोघी जेवल्या. तेही ऐकू आलं.

४ सप्टेंबर

स्पंज काढून वाजवलं, नव्या तारांवर. कोंबडा परत आला.

मग डबी काढून ठेवली आणि नुसती गिटार वाजवली, हाताकडे बघत. मी कधी बघत नाही, बघायची गरज पडत नसे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तारेवर टेकलंय असं मला वाटतं. ती टेकलेली नसतात. वर तरंगत असतात, दुसऱ्याच्या हाताची असावीत तशी. म्हणजे डबीत दोष कधीच नव्हता. हात जे करत होता ते एक सप्तक खाली उतरून मोठ्यानं सांगत होती, एवढंच.

हे इथं लिहिलं. कुणाला सांगणार नाही.

सर्जेरावाला मात्र हे आधीपासून दिसत असणार. तबलजी गवयाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

६ सप्टेंबर

सकाळी गरम पाण्याचं पातेलं पुढ्यात ठेवता ठेवता जयंती म्हणाली, "मी दाबते ते बटण. हातानं."

"तू? गादीवर?"

"का? तंबोरेवाल्या बसतात की मागं. त्यांना कोण विचारतं? रत्नप्रभाबाईंना पाय नको आहे. हात कुणाला नको असेल?"

"कधी दाबायचं ते तुला काय ठाऊक?"

ती ओट्याकडे वळली. पहिली चाल गुणगुणायला लागली आणि जिथं जिथं मी मोकळ्या तारेवरून वर जातो तिथं तिथं ओट्यावर थाप दिली. एकही चुकली नाही. मग दुसरी, मग तिसरी. इतकी वर्षं ही आत पोळ्या लाटत होती असा माझा समज होता.

करून पाहिलं. सूर जमतात, पण त्या पोलादी बटणाला पायाचा भार लागतो. तीन कवितांत तिचा तळहात लालबुंद झाला. ती दाबतच राहिली. मीच गिटार खाली ठेवली आणि ओरडलो, सांगायला काय होतं म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही सांगता का?"

दुपारी दोघं खंडेलवालकडे. मी म्हटलं, ही परत घ्या, ती रुंद पट्टीवाली दाखवा. त्यानं काउंटरवर ठेवली. जयंतीनं तळहातानं दाबली, परत दाबली, मग डोळे मिटून दाबली.

"माताजी, इसे पैर से दबाते हैं," खंडेलवाल म्हणाला.

"हमारे यहाँ नहीं," जयंती म्हणाली.

मग त्यानं पाटाएवढी काढली, तिच्यात काय काय आहे सांगायला लागला. जयंतीनं मला विचारलं, "यातली किती बटणं मला दाबायची आहेत?" म्हटलं, एक. "मग हीच," म्हणाली आणि जड डबी पिशवीत टाकली. मी चकत्या फिरवून, कान लावून, दोन सप्तकं खालची सोय आहे का वगैरे विचारणार होतो. राहिलं. यंत्र माझं, निवडलं हिनं, हाताला मऊ लागलं म्हणून. वर दुकानदार तिला नमस्कार करतो.

घरी आल्यावर स्पंज परत बसवला. मीच. अवनीकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला तेव्हा तिनं लगेच आणून दिला, पोरगी शहाणी आहे. मराठी मात्र सुधारायला हवं.

१९ सप्टेंबर, बुधवार

कार्यक्रम झाला.

हॉल भरलेला. विमा-बँकेतली मंडळी, रेल्वेतली, त्यांची मुलं. डावीकडे सर्जेराव, मधे रत्नप्रभाबाई, त्यांच्यामागे कोरसला बसवलेली मुलं, उजव्या कडेला मी, आणि माझ्या मांडीशी जयंती, पदर खोचून, पुढ्यात डबी. बाईंनी डबीला हळदीकुंकू वाहिलं. विचारलं नाही, वाहिलं. चकतीत कुंकू गेलं.

पहिल्या चार कविता अशा गेल्या की मला लिहिता येत नाही. दुसऱ्या कवितेला जयंतीनं एकदा उशीर केला. मी गणपतीसमोर दात-ओठ खाऊन "अगं" म्हटलं. ती समोर बघत पुटपुटली, "तुम्ही घाई केलीत." केली होती.

मुलं वर गात होती, आणि खाली, मूर्तीच्या चौरंगाखाली, माझा बाक भरलेला होता. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले होते. जे मराठी धड वाचू शकत नाहीत ते पोरगेसुद्धा डोलत होते.

पाचवी, शेवटची कविता. सगळ्यांना पाठ असलेली. शेवटच्या कडव्याला अख्खा हॉल गायला लागला, आणि माझा हात मिटला. चुकला नाही, मिटला. बोटं आत वळली ती उघडेनात. जयंतीचा तळहात पट्टीवर होता, तिनं माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. तिनं हात उचलला नाही.

हॉल गात राहिला. कुणाचंही काही अडलं नाही. दोनशे गळे, एकालाही कळलं नाही की खालून सूर निघून गेलाय. टाळ्या पडल्या, आरती झाली. मी तिथंच बसून होतो आणि माझ्या मनात एवढंच होतं, की कीबोर्डवाला मुलगाही लागला नसता. कुणीच लागलं नसतं. महिनाभर मी ज्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलं ते कुणाला नकोच होतं.

प्रसादाची गर्दी उठली तेव्हा सर्जेराव तबल्यावर खोळ घालत होता. घालून झाली तरी हलेना.

"शेवटच्या कडव्याला कुठं गेलात?" म्हणाला.

"इथंच होतो."

"माझी सम चुकली."

"तुमची? आरडाओरड्यात कुणाला कळलं?"

"मला कळलं. खाली कुणी नव्हतं. आपटलो मी." तो खरंच चिडलेला होता. कान लाल झाले होते. "पुढच्या वर्षी हात थांबणार असेल तर आधी मान हलवा. मी वाट बघेन. नुसतं सोडून जायचं नाही."

"पुढच्या वर्षी? तुम्हीच म्हणाला होतात ना, राहू द्या म्हणून. निवेदन करा म्हणून."

"म्हणालो. तुमच्या हाताकडे बघवत नव्हतं, उमाकांतराव."

"मग बघू नका," मी म्हटलं. "ऐका."

तो तबल्याची पिशवी उचलून निघाला. दारात थांबला, मागे आला, आणि माझ्या गिटारची पिशवी खांद्याला लावायला लागला. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि जयंतीला दिली.

रिक्षात ती मालवीय नगर येईपर्यंत हसत होती. हसण्यासारखं काय होतं ते विचारलं, सांगत नाही. तिच्याशी मी उद्या भांडणार आहे. आज हात फार दुखतोय.